बुडाचा भात

"भात निजवला का गो?" आई रोज सकाळी सातच्या सुमाराला न्हाणीतून ओरडून विचारायची, आणि मी "निजवला" असं ओरडून सांगायचे. नवख्या माणसाला वाटावं, या घरात कुणीतरी तान्हं मूल आहे. मूल नव्हतं, पंधरा माणसांच्या भाताचं पातेलं होतं. पिंपळे गुरवला तात्यांच्या चाळीत मागच्या बाजूला आमच्या दोन खोल्या आणि पुढे पत्र्याची शेड होती. त्या शेडमध्ये आई खानावळ चालवायची. चाकणच्या कंपन्यांत काम करणारे चौदा जण तिच्याकडे जेवायला होते, आणि पंधरावे आमचे बाबा. तेही तिथेच, पत्रे दाबून सुटे भाग काढणाऱ्या एका प्रेस शॉपमध्ये होते. नळाला पाणी यायचं पहाटे साडेपाचला आणि जायचं सातला. त्यामुळे दिवसभराचा सगळा स्वयंपाक त्या दीड तासात उरकायचा, असा आईचा नेम होता. पोळ्या, भाजी, आमटी आणि भात, सगळं सातच्या आत. माणसं मात्र जेवायची आपापल्या शिफ्टप्रमाणे. दुसऱ्या शिफ्टचे दुपारी साडेबाराला, पहिल्या शिफ्टचे चार वाजता बसमधून उतरल्यावर. तोवर भात गरम राहायला हवा. आईला ते कसं जमायचं, याचं चाळीतल्या बायकांना मोठं कौतुक होतं.

बाबांनी कंपनीतून एक लाकडी खोका आणला होता. त्यातून कसलंसं मशीन आलं होतं. खोक्याच्या तळाला आई गोधडी अंथरायची, त्यावर वाफाळतं पातेलं ठेवायची, वर ताट, ताटावर गोधडीचे उरलेले दोन पदर, आणि सगळ्यावर खोक्याचं झाकण. ही गोधडी तिनं स्वतः शिवलेली. तिच्या माहेरच्या, संगमेश्वराकडच्या जुन्या लुगड्यांची. दुपारी झाकण उघडलं की आतून ऊब तोंडावर यायची आणि भाताचा वास शेडभर पसरायचा. चिमूट भात बोटांत धरला तर चटका बसत नसे, पण निवलेला म्हणून कुणी नाव ठेवेल असाही नसे. "निवलेला भात वाढायचा म्हणजे माणसाला दारात उभं करून पाणी पाजायचं," असं आई म्हणायची. ती भातखाऊ मुलखातली. जेवायला येणारी पोरं लातूर, परभणी, बीडची. भाकरीवर वाढलेली. पण आईनं वर्षभरात त्या सगळ्यांना भाताची चटक लावली.

आणखी एक गोष्ट सांगायची, कारण तिच्यावाचून पुढचं काही कळणार नाही. आई अन्न टाकत नसे. रात्री जो भात उरे तो पातेल्याच्या बुडाशी तसाच राहायचा, आणि सकाळी त्याच्यावर ती नवा, चुलीवरून उतरवलेला भात ओतायची. वरच्या वाफेनं खालचा भात मऊ होतो आणि ताज्यासारखा लागतो. कुणाला कळायचंही नाही. पुन्हा रात्री थोडा उरायचा, पुन्हा सकाळी वर नवा पडायचा. म्हणजे ते पातेलं खऱ्या अर्थानं कधी रिकामं होतच नव्हतं. दह्याला विरजण ठेवावं तसा तो तळचा भात दिवसेंदिवस मुक्कामाला होता. आई अस्वच्छ मात्र मुळीच नव्हती. भांडी ती उकळतं पाणी ओतून धुवायची, पाणी गाळून उकळायची, बाबांनी चाकणच्या बाजारातून आणलेल्या कांद्यांवरची काळी पूड एकेका कांद्याची पदरानं पुसून काढायची. उकळीवर तिचा देवापेक्षा जास्त विश्वास होता. "उकळी आली की पाप पण मरतं," म्हणायची.

बालाजी हा या सगळ्यांत तिचा लाडका. लातूरकडचा, चोविशीतला, लग्नाला वर्षही न झालेला. बायको गावी, आणि हा इथे पाच जणांत एक खोली घेऊन राहायचा. आईला तो मावशी म्हणायचा, तसे सगळेच म्हणायचे, पण हा हक्कानं म्हणायचा. त्याला बुडाचा भात आवडे. मऊ, जरासा चिकट, किंचित आंबुस. "मावशी, वरचा त्येंना द्या. मला बुडाचा वाढा," असं म्हणून तो ताट पुढे करायचा. आई पातेलं कलतं करून, डावानं खरवडून त्याच्यासाठी तळचा भात काढायची. कुणी काही बोललं तर म्हणायची, "त्याला आईच्या हातचं आठवतं रे, खाऊ दे."

मी तेव्हा कॉलेजात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होते. सकाळचं कॉलेज, दुपारी साडेबाराला घरी. त्या वर्षी प्रॅक्टिकलच्या बाईंनी आम्हाला बीजाणू शिकवले. आधी नेच्याचं पान उलटं करून दाखवलं. मागे तपकिरी ठिपके होते. एका ठिपक्याला सुई लावली तर भिंगाखाली धूळ उडाली. मग पावावरची बुरशी. मग बाजारातला एक कांदा, आणि त्याच्यावरची ती काळी पूड. ती पूड म्हणजे लाखो बीजाणू आहेत हे कळल्यावर मला आईचा पुसणारा पदर आठवला. बाई म्हणाल्या, हे सगळे प्रवासी आहेत. नेच्याचा बीजाणू, बुरशीचा बीजाणू, वाऱ्यावर बसून जातो, ओल मिळाली की रुजतो, एकाचे हजार होतात. मग त्यांनी एका नळीत मातीचं पाणी घेतलं, ऐंशी अंशांच्या गरम पाण्यात दहा मिनिटं ठेवलं आणि आम्हाला विचारलं, आता यात काय उरलं असेल? आम्ही एका सुरात म्हणालो, काही नाही. त्यांनी त्यातला एक थेंब बशीतल्या खाद्यावर पसरला. दुसऱ्या दिवशी बशीत पांढरे, खरबरीत ठिपके उगवले होते.

"मेले नव्हते," बाई म्हणाल्या. "दार लावून बसले होते." काही जिवाणूंवर वाईट वेळ आली की ते आपलं सगळं सामान एका जाड कवचात भरतात आणि गप्प पडून राहतात. हा बीजाणू कुठे जात नाही, त्याला पोरं होत नाहीत. एक आत जातो, एकच बाहेर येतो. खात नाही, वाढत नाही, वर्षानुवर्षं नुसता थांबतो. मातीत असतो, धुळीत असतो, तांदळाच्या दाण्यावर असतो. उकळीनं बाकीचे मरतात, हा मरत नाही. उलट त्या तापानं त्याला जाग येते. मग पाणी हवं, खायला हवं आणि ऊब हवी. चटका नको, ऊब. तेवढं मिळालं की तो कवच फोडून बाहेर येतो, तासाभरात दुप्पट होतो, आणि काही जाती वाढता वाढता असं विष सोडतात की नंतर कितीही तापवा, जात नाही. मी त्या वेळी वहीत उतरवून घेत होते. "ऊब" हा शब्द लिहिला आणि पेन थांबलं. आमच्या खोक्यात हात घातला की जी लागायची, तीच ती.

घरी येऊन मी आईला सांगितलं. कसं सांगितलं याची आज लाज वाटते, कारण शिकल्याचा तोरा त्यात पुष्कळ होता. आई डावानं आमटी ढवळत होती. तिनं सगळं ऐकलं आणि हसली. मग म्हणाली, "उकळलेल्या भातात जिवंत काय असतं गो? तुझ्या बाईंनी कधी पंधरा माणसांना जेवू घातलंय?" मी म्हटलं, निदान शिळा भात तरी तळाला ठेवू नकोस. त्यावर मात्र तिचा चेहरा उतरला. "म्हणजे माझ्या हातचं खाऊन माणसं आजारी पडतील म्हणतेस? माझ्या अन्नाला तू नाव ठेवतेस?" तिनं हातातला डाव मोरीत भिरकावला आणि दिवसभर माझ्याशी बोलली नाही. मी पुन्हा तो विषय काढला नाही.

भीती तिथून सुरू झाली. दिसणाऱ्या गोष्टीची भीती बरी, तिच्यापासून पळता तरी येतं. ही भीती ताटात होती. सकाळी मी भात निजवायचे, गोधडीचे पदर ओढून घ्यायचे आणि कॉलेजला जायचे. वर्गात बसले की डोळ्यांपुढे तो बंद खोका यायचा. आत अंधारात, उबेत, काहीतरी कवच फोडतंय असं वाटायचं. दुपारी झाकण उघडताना मी श्वास धरायचे. पोरं जेवायला बसली की त्यांच्या तोंडांकडे बघायचे. कुणी खोकलं तरी आधी त्याच्या ताटातला भात बघायचे. बालाजी बुडाचा भात मागायचा तेव्हा मी उठून शेडच्या बाहेर जायचे. रोज काही व्हायचं नाही, आणि रोज मला वाटायचं, आज नाही म्हणजे उद्या. आणि मग मी जे केलं ते लिहायला इतकी वर्षं लागली. मी भात खाणं सोडलं. पोळी-भाजी घ्यायचे, भाताला हात लावायचे नाही. एकीकडे मनाला समजावत होते की माझा भ्रम असेल, दुसरीकडे स्वतःचं ताट राखत होते. आई-बाबांसकट सगळ्यांत मी एकटीच वाचणार होते, आणि ते मला कळत होतं. आज माझ्या घरी भात उरला की मी तासाच्या आत तो फ्रिजमध्ये टाकते, आणि लेक चिडवते की आई भाताला अटक करते. चिडवू दे.

तीन आठवडे गेले. मग एक गुरुवार आला. त्या आठवड्यात बाबा आणि बालाजी दोघेही दुसऱ्या शिफ्टला होते. एकूण सात जण साडेबाराला जेवले. फ्लॉवर-बटाटा, आमटी, भात. बालाजीनं तीनदा बुडाचा घेतला. पावणेदोनला कंपनीच्या बसचा हॉर्न वाजला, चपलांचा आवाज झाला, शेड रिकामी झाली. आई नेहमीप्रमाणे सगळ्यात शेवटी जेवायला बसली, भातावर आमटी ओतून. मी तिच्यासमोर पोळी खात होते.

तीनच्या सुमाराला घरमालक तात्या मोबाईल हातात धरून आले. ते जुन्या गावातले, धोतर-टोपीतले, कधी धावत नसत. त्या दिवशी धावले. "आवं बाई, तुमच्या मालकांचा फोन हाय. बसमदली समदी पोरं ओकाया लागल्यात. मोशीत बस थांबवलीया. त्यो लातूरचा पोरगा लई बेजार हाय म्हनं." आईनं फोन कानाला लावला, ऐकलं, आणि खाली बसली. बाबा सांगत होते की मलाही दोनदा उलटी झालीय, ड्रायव्हर सगळ्यांना भोसरीतल्या एका हॉस्पिटलात नेतोय. फोन ठेवायच्या आतच आई उठून मोरीकडे गेली आणि ओकली.

शेजारच्या बायका जमल्या. तात्यांनी निदान केलं, "पाल पडली असंल." ते ऐकताच आईच्या डोळ्यांत जरा जीव आला. पाल पडली असेल तर तो नशिबाचा भाग, तिच्या हाताचा नाही. तिनं जमिनीवर वर्तमानपत्रं पसरली, पातेलं ओतलं, आणि तो सगळा भात चिवडायला बसली. मूठ मूठ घेऊन, शितं वेगळी करत. मधेच उठून ओकून यायची आणि पुन्हा बसायची. बायका भाजीचं भांडं उपसत होत्या, तात्या काठीनं पत्र्याचे वासे ठोकत होते. आई पुटपुटत होती, "शेपटी तरी सापडू दे. नुसती शेपटी सापडू दे." मी भिंतीला टेकून उभी होते. पाल नाही हे मला ठाऊक होतं. तळचा भात कागदावर जरा पिवळट दिसत होता, बोटांना तार सुटत होती, आणि आई तोच पुन्हा पुन्हा चाळत होती. तोंड उघडायला तीच वेळ होती. मी आणखी एक वर्तमानपत्र तिच्याकडे सरकवलं.

तात्या वळले. "समद्यांनी खाल्लं. तुमालाबी बाधलं. ह्या पोरीला कसं काय झालं न्हाई?"

सगळ्या बायका माझ्याकडे बघू लागल्या. आईनं मान वर केली नाही. भात चिवडत चिवडत म्हणाली, "तिचा गुरुवार असतो."

मी आयुष्यात कधी गुरुवार केला नव्हता.

बाकीचे पाच जण आणि बाबा रात्रीपर्यंत सावरले, आईही दुसऱ्या दिवशी उभी राहिली. बालाजी मात्र सावरला नाही. तिसऱ्या दिवशी त्याचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले. यकृताला मार बसलाय, डॉक्टर म्हणाले. त्याला नीट ओळखही पटत नव्हती. लातूरहून त्याचे वडील आले, बायको आली, अठरा-एकोणीस वर्षांची, डोक्यावर पदर आणि हातातला चुडा अजून नवा. आई रोज सकाळी माझ्यासोबत भोसरीला जायची आणि संध्याकाळपर्यंत वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसायची. खानावळ बंद होती. खोका रिकामा होता. ती पाणीसुद्धा जुलमानं प्यायची. "हा वाचला नाही तर मी पण नाही," असं एकदा ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, आणि ती जे बोलायची ते करायची, म्हणून मला त्याची सगळ्यांत जास्त भीती वाटली.

चौथ्या दिवशी डॉक्टर बाहेर आले. तरुण होते, झोप न झालेले. ते बालाजीच्या बायकोसमोर उभे राहिले. म्हणाले, "तेच अन्न सगळ्यांनी खाल्लं आणि एकट्यालाच एवढं झालं, हे जमत नाही. खरं सांगा, यांनी काही घेतलं होतं का? उंदराचं औषध? फवारणीचं? घरी काही वाद?" सासरा तिच्याकडे वळला. आणि त्याच्या नजरेत जे आलं ते मी पाहिलं. "बोल की," तो म्हणाला. "फोनवर काय बोललीस त्येला? बोल." ती रडत म्हणाली, "काय नाय ओ मामा. शपथ. काय नाय."

त्या वेळी मी बोलले. धैर्यानं नाही. तिच्यावर ते आलं हे मला सोसलं नाही, एवढंच. मी म्हणाले, "डॉक्टर, त्यांनी काही घेतलेलं नाही. त्यांना बुडाचा भात वाढत होते. बाकीच्यांना वरचा." आणि मग सगळं सांगितलं. नळाची वेळ, खोका, गोधडी, तळाला दिवस दिवस राहिलेला भात, त्याच्यावर ओतलेला गरम भात, प्रॅक्टिकलची नळी, उकळीतून वाचणारा बीजाणू, उबेत सुटणारं विष. मी बोलत होते तोवर आई दोन्ही हात मांडीखाली दाबून बाकावर बसली होती. मी तिच्याकडे पाहिलं नाही. डॉक्टरांनी मधे दोन प्रश्न विचारले, कपाळाला हात लावला आणि म्हणाले, "हे पहिल्या दिवशी कुणी का सांगितलं नाही?" मग वळून आत गेले, फोनवर कुणा मोठ्या डॉक्टरांशी बोलताना त्यांचा आवाज दाराबाहेर येत होता. बालाजीचे वडील सुनेच्या शेजारी जाऊन बसले. तिला काही म्हणाले नाहीत, फक्त पाण्याची बाटली तिच्याकडे सरकवली. आमच्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

बालाजी वाचला. सहाव्या दिवशी सकाळी त्यानं बायकोला नावानं हाक मारली, आणि दुपारी डॉक्टर म्हणाले की आता धोका टळला. पुढे दीड महिना तो गावी राहिला आणि परत चाकणला आला, पण दुसऱ्या कंपनीत, दुसऱ्या खानावळीत. आईनं पुन्हा खानावळ काढली नाही. तात्यांच्या सुनेला मदत म्हणून पोळ्या लाटायला जायची. भात ती घरात तिघांपुरता करायची आणि निवायच्या आत संपवायला लावायची.

पण मला त्या सहाव्या दिवसाचं सांगायचं आहे. धोका टळला हे ऐकून मी खालून चहा आणला, आणि सहा दिवसांनंतर आईनं पहिल्यांदा बिस्किट बुडवून खाल्लं. बाक खिडकीशी होता, ऊन तिच्या पायांवर येत होतं. मला वाटलं आता सगळं संपलं. मग तिनं कप मांडीवर धरून विचारलं, "किती दिवस खाल्ला नव्हतास गो भात?"

"तीन आठवडे."

"हं. मी बघत होते. मला वाटायचं, कुणावर तरी जीव जडलाय पोरीचा, म्हणून जेवण जात नाही. बाबांना पण बोलले नाही. म्हटलं, सांगेल आपणहून." तिनं उरलेला चहा एका घोटात संपवला आणि कप माझ्या हातात दिला. आवाजात राग नव्हता. मी राग शोधत होते, तो नव्हताच.

"बाहेरची माणसं राहू दे बाय," ती म्हणाली. "मी रोज तुझ्यासमोर बसून तोच भात जेवत होते ना गो."